सहावा नट

"डोळे मीट आन हात आत घाल," दस्तगीरचाचा म्हणाले.

मी काही डोळे मिटले नाहीत. जिथे हात घालायचा तिथे काय आहे ते आधी बघायला नको का? इंजिन आणि त्याच्या मागची पत्र्याची भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. आत काळोख होता आणि जळक्या तेलाचा वास येत होता. चाचांनी दाढी करायचा आरसा तिरपा धरून त्यात बॅटरीचा झोत टाकला. तेव्हा कुठे खाली, अगदी कोपऱ्यात, काजळीने माखलेला एक आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, दिसला.

"दिसला? त्याच्यावर नट बसवायचा. तो सहावा. पाच माझं, हा तुझा."

"माझा कसला, चाचा? मी कासारीण आहे."

"म्हणूनच बोलावलंय. माझा हात जात न्हाई तिथं."

त्यांनी पंजा माझ्यासमोर धरला. पंजा चांगलाच रुंद होता, त्यात काही खोटं नव्हतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गल्लीत एका बाजूला दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज आणि त्याच्या बरोब्बर समोर आमचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, तिच्यावर बांगड्यांच्या माळा आणि खाली बसायला पोतं. माझे यजमान कावीळ होऊन गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे बांगड्या भरायचं काम माझ्यावरच होतं.

काम मला येत होतं, हे मी माझ्याच तोंडाने सांगते. नवऱ्या मुलीला मनगटाला घट्ट बसतील अशा बांगड्या हव्या असतात आणि हात तर त्याहून मोठा असतो. कासार तो हात दाबून दाबून मऊ करतो, अंगठा तळव्यात घेतो, करंगळीकडचं हाड आत दुमडतो, आणि मग बांगडी एका दमात वर सरकवतो. अर्ध्यावर थांबायचं नाही. थांबलं की बांगडी तरी वाढते, नाहीतर हात तरी कापतो. सगळं झालं की बाई, मग ती वयाने कितीही मोठी असो, कासाराला वाकून नमस्कार करते.

यजमान गेल्यावर गिऱ्हाईक कमी होत गेलं. कुणी तोंडावर काही म्हणायचं नाही. बायका यायच्या, माझं कपाळ बघायच्या आणि "दुसरं कुणी न्हाई व्हय?" असं विचारून पुढे जायच्या. मग एके दिवशी एक नवरी आली. चुडा भरायचा होता. मी तिच्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या आणि तेवढ्यात तिची मावशी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, पोरीचा हात ओढून घेतला, दोन्ही बांगड्या उतरवल्या आणि फळीवर टाकल्या. एक शब्द बोलली नाही. गल्लीत तेव्हा कुणी नव्हतं. समोर चाचा गाडीखाली झोपून काम करत होते, त्यांचे नुसते पाय दिसत होते. कुणी बघितलं नाही एवढंच त्यातल्या त्यात बरं वाटलं.

त्यानंतर आठ दिवस एकही हात माझ्यापुढे आला नाही. निपाणीहून भावाचं पत्र आलं होतं की इकडे ये, विड्या वळशील, दोन घास खाशील. आत्याबाईंना बरोबर न्यायची सोय नव्हती, आणि त्यांना इथे कुणाच्या भरवशावर टाकायचं हेही सुचत नव्हतं. हातांना काम मिळालं नाही तर ते एवढंसं घर मोडणार होतं. त्या मंगळवारी सकाळी मी फळीवर बसून त्याच विचारात होते, तेव्हा चाचांनी गॅरेजातून हाक मारली.

गाडी सरनोबत डॉक्टरीणबाईंची होती. त्यांच्या वडिलांनी घेतलेली विलायती गाडी, वयाने जवळजवळ माझ्याएवढीच. तिला विलायती नाव होतं, पण गॅरेजात तिला सगळे 'काळी' म्हणत. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, एकट्या राहायच्या आणि दर शनिवारी काळी स्वतः चालवत गगनबावड्याला जायच्या. तिथे आसपासच्या वाड्यांवरच्या बायका तपासून घ्यायला जमत. मागच्या शनिवारी वाटेत बाईंचं डोकं गरगरायला लागलं, गाडी कडेला घेऊन त्यांनी ओकारी काढली. इंजिनातला जळका धूर गोळा करून बाहेर नेणारा एक बिडाचा भाग असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाला जिथे टेकतो तिथलं पॅकिंग जुनं होऊन गेलं होतं आणि धूर थेट गाडीत शिरत होता. घाटवळणांवर चालवणाऱ्याचे डोळे मिटले असते म्हणजे काय झालं असतं, ते चाचांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पॅकिंग नवं घातलं होतं. मॅनिफोल्ड जागेवर धरला होता. आता सहा नट आवळायचे, एवढंच काम उरलं होतं.

"तीन फेऱ्या करायच्या," चाचांनी समजावलं. "मधल्या नटापासनं सुरू करायचं आन कडंला जायचं. पहिल्या फेरीत नुसतं टेकव. दुसऱ्या फेरीत धर. तिसऱ्या फेरीत आवळ. सगळी एकदम बसली पायजेत. कळलं?"

कळलं, म्हणाले मी. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी होती. गॅरेजवाल्यांनी आता बांगड्या भरल्या वाटतं, असं त्यातला एक बोललाच. चाचांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी अंगठा तळव्यात घेतला, करंगळीकडची बाजू दुमडली आणि हात आत घातला. हात गेला. कोपरापर्यंत गेला. कातडं दोन ठिकाणी सोलवटलं, पण गेला. नट बोटाच्या टोकावर धरून स्टडवर चढवायलाच अर्धा तास लागला, कारण तो दोनदा पडला आणि दोनदा गाडीखाली जाऊन शोधावा लागला. नंतर आखूड पाना आत नेला. तिथे पाना फिरायला जागा इतकी कमी की एका वेळी नटाची जेमतेम एक कड सरकायची. काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा एक कड. नट टेकला तेव्हा माझा परकर घामाने पायाला चिकटला होता. पहिली फेरी झाली.

चाचांनी दुसरी फेरी सुरू केली आणि पाच झाल्यावर म्हणाले, "चल."

मी हात पुन्हा आत घातला. आणि इथे मी जे केलं ते कासाराशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं. मनात म्हटलं, एवढा आत गेलेला हात अर्ध्यावर का आणायचा? आमच्यात अर्ध्यावर थांबणं हीच चूक. अजून दोन फेऱ्या उरल्या होत्या, मी एकीतच उरकायचं ठरवलं. कड मागून कड, कड मागून कड, अगदी पाना हलेना होईपर्यंत आवळला. आणि टक् असा आवाज आला.

बांगडी पिचते तेव्हाचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. हा त्याहून जड होता, पण होता तोच.

चाचांचा हात थांबला. "किती आवळलीस?"

"सगळा."

त्यांनी पाचही नट सोडवले, सहावा मी सोडवला, आणि मॅनिफोल्ड बाहेर निघाला. कडेच्या कानाला, म्हणजे सहावा नट बसतो त्या पाकळीला, केसाएवढी तड गेली होती. एका बाजूने दाब आला आणि दुसरी बाजू अजून सैल होती, त्यामुळे बीड वाकलं नाही, तडकलं. तसला दुसरा मॅनिफोल्ड कोल्हापुरात काय, कुठेच मिळणारा नव्हता.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचा उकिडवे बसले आणि असं का केलंस, एवढंच विचारलं. मी बांगड्यांचं सांगितलं. एका दमात, अर्ध्यावर थांबायचं नाही. त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "पर तिथं हात एक आन बांगडी एक. हितं सहा जण एकाच वज्ज्याला खांदा देत्यात. एकानं घाई केली की त्याच्याच खांद्यावर सगळं येतं."

मी बादलीत हात धुतले, पदर खोचला होता तो सोडला आणि निघाले.

"कुठं चाललीस?"

"घरी."

"तुझा नट अजून बाहेर हाय," चाचा म्हणाले आणि मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळायला लागले.

बुधवारी त्यांनी तो बिडाची डागडुजी करणाऱ्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याकडे नेला. बीड नुसतं जोडून भागत नाही. आधी सगळा भाग कोळशावर लाल होईस्तोवर तापवायचा, मग पितळेने तड भरायची आणि कोरड्या चुन्यात पुरून ठेवायचा. निवायलाही घाई करायची नाही, नाहीतर शेजारी दुसरी तड जाते. चाचा तिथे गेलेले असतानाच डॉक्टरीणबाई गॅरेजात आल्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, नुसतं स्टूल पुढे केलं. चाचा आल्यावर त्यांनीच सांगितलं की कान तडकलाय.

"कुणाच्या हातून?" बाईंनी विचारलं.

चाचांनी हातातल्या पान्याचं तेल पुसलं. माझ्याकडेही बघितलं नाही. ते नाव घेणार नव्हते, आणि दुसऱ्या कुणावर ढकलणारही नव्हते. मीच बोलले.

"माझ्या हातून."

"तू समोरची बांगडीवाली ना?"

"हो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग चाचांना विचारलं, "आता बसवणार कोण?"

"हीच."

"दस्तगीर, नऊ महिने भरत आलेल्या चार बायका आहेत तिथे. येते म्हणून सांगून आलेय मी त्यांना."

"शनवारी सकाळी सातला गाडी तुमच्या दारात असंल. आन आमच्यातली रीत तुमाला ठावं हाय. शेवटचा नट जो आवळंल त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं. ही बसंल."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ओकारी आलीच तर दोघींना येईल."

त्या गेल्यावर माझा धीर सुटला. चाचा मॅनिफोल्डची बैठक सपाट करायची कानस शोधत होते. मी म्हटलं, "चाचा, त्या नटाला जाईल असा एखादा वेगळा पाना नाही का? वाकडा बिकडा?"

"असता तर तुला कशाला बोलावलं असतं?" ते कानशीवरची धूळ फुंकत म्हणाले.

ते ऐकून मला एक विचित्र गोष्ट वाटली. भीती तर होतीच, पण तिच्याखाली कुठेतरी बरं वाटलं. या माणसाचं माझ्याशिवाय अडत होतं. दीड वर्षात माझ्याशिवाय कुणाचं काहीच अडलं नव्हतं.

शुक्रवारी मॅनिफोल्ड पुन्हा चढवला. सकाळी नऊला सुरू केलं. पहिली फेरी, नुसतं टेकवलं. दुसरी फेरी, धरलं आणि थांबले. हात बाहेर काढताना मन म्हणत होतं की अजून एक कड, एकच. नाही दिली. तिसऱ्या फेरीच्या आधी चाचांनी मला थांबवलं. त्यांच्याकडे जोराचं माप दाखवणारा एक लांब पाना होता, त्याने ते बाकीचे पाच आवळत होते. तो सहाव्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. मग सहावा किती आवळला हे कळायचं कसं?

"तुझा आखूड पाना पाचव्याला लाव," ते म्हणाले. "मी मापानं आवळलाय तो. वाईच दाबून बघ. त्यो किती धरून हाय ते हाताला कळू दे. पुन्हा दाब. पुन्हा. आता डोळं मीट, आन तेवढंच सहाव्याला."

या वेळी मी डोळे मिटले. मनगट चाचपून बांगडीचं माप सांगणारा हात होता तो, त्याला हे ओळखायला वेळ लागला नाही. दोन बोटांत पाना धरून मी एक कड दिली, दुसरी अर्धी दिली, आणि तिथे पाचवा माझ्या हाताला भेटला. तसाच धरून होता. मी हात काढला. टक् झालं नाही. तरी आम्ही दोघंही थोडा वेळ कान देऊन उभे होतो.

शनिवारी सातला डॉक्टरीणबाई चालवायला बसल्या, शेजारी मी, मागे चाचा. काचा वर केल्या होत्या, चाचांनी मुद्दाम करायला लावल्या होत्या. कळे मागे पडलं, साळवण मागे पडलं. मी सारखी वास घेत होते. बाई मध्येच म्हणाल्या, "श्वास सोड गं आता, किती वेळ धरून ठेवणार?" तेव्हा कळलं की मी खरंच श्वास धरून बसले होते. चढ लागला, इंजिन जोर करायला लागलं, आणि गाडीत बाईंच्या साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही.

गगनबावड्याला बाई दवाखान्याच्या खोलीत गेल्या. चाचांनी बॉनेट उघडून ठेवलं आणि आम्ही इंजिन निवायची वाट बघत बसलो. तापून निवल्यावर नट किंचित सैलावतात, म्हणून गार झाल्यावर एक चौथी फेरी लागते. हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी शुक्रवारीच निपाणीची गाडी पकडली असती. दोन तासांनी चाचांनी पांढरं फडकं सगळ्या सांध्यावरून फिरवलं आणि मला दाखवलं. फडक्याला काजळी नव्हती.

मी अंगठा तळव्यात घेऊन हात आत घातला. तोवर रांगेतल्या बायका भोवती जमल्या होत्या. एका बाईचा हात इंजिनात कोपरापर्यंत, ही गंमत त्यांनी कशाला सोडली असती. त्यात एक म्हातारी होती. तिने वाकून माझा दुमडलेला हात पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "कासाराचा हात हाय गं तो."

माझ्या कपाळाकडे तिने पाहिलं असेल किंवा नसेल. मी नटाकडे लक्ष दिलं. त्याने पाव कड घेतली.

सोमवारी सकाळी मी फळी मांडली आणि आत्याबाईंना बसवून समोर गॅरेजात गेले. कुणी ये म्हटलं नव्हतं. चाचांनी एक कार्बोरेटर माझ्यासमोर ठेवला आणि धुवायला सांगितला. निपाणीला मी नाही म्हणून कळवलं. आत्याबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. जुन्या गाड्यांचं काम शिकत गेले. पुढे चाचांचे डोळे अधू झाले तेव्हा गॅरेजही मीच बघायला लागले. डॉक्टरीणबाई कधी काम सांगायला आल्या की म्हणायच्या, "शालनला विचारते, दस्तगीर, तुम्ही गप्प बसा."

या सगळ्याला चौदा वर्षं झाल्यावर एके दुपारी मला एक बारीक कानस हवी होती. चाचांची जुनी लाकडी पेटी उघडली. सगळ्यात तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक पाना होता. तापवून दोन ठिकाणी वाकवलेला, तोंड घासून पातळ केलेलं, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. दांड्यावर पंचाने सहा ठिपके मारले होते.

काळी त्या दिवशी गॅरेजातच होती, पॅकिंग पुन्हा बदललेलं आणि नट नुसते चढवलेले. मी पाना घेऊन तिच्यापाशी गेले आणि फटीतून खाली सोडला. कशालाही न अडता तो गेला आणि सहाव्या नटावर जाऊन बसला. माझं मनगट बाहेरच होतं.

दोन मिनिटांचं काम होतं ते त्यांचं. गाडी तर ते मी लग्न होऊन त्या गल्लीत यायच्या आधीपासून दुरुस्त करत होते. कान तडकला, बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आणि नाव दोन्ही पणाला लागलं, तरी त्यांनी ती पेटी उघडली नाही.

चाचा बाहेर उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. मी पाना त्यांच्या हातात दिला.

"चाचा, हा कशाचा?"

त्यांनी तो चाचपला. अंगठा ठिपक्यांवरून फिरला आणि तिथेच थांबला. "ह्यो? बसचा हाय. जुन्या बसचा."

"बसच्या कुठल्या नटाला लागतो?"

"आता ध्येनात ऱ्हातंय व्हय एवढं."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. समोर आमची फळी होती, आता रिकामी. पुढचं मी चौदा वर्षांत विचारलं नव्हतं, कारण ते विचारायचं आहे हेच मला माहीत नव्हतं.

"त्या नवरीची मावशी आली होती त्या दिवशी," मी म्हटलं. "तुम्ही गाडीखाली होतात. तुम्हाला दिसलं होतं?"

"गाडीखालनं काय दिसतंय," चाचा म्हणाले. मग ठिपक्यांवरून पुन्हा अंगठा फिरवत म्हणाले, "नुसता बांगड्या टाकल्याचा आवाज आला."

माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही. उठले, आणि बांगड्या भरून झाल्यावर बाई कासाराला करते तसा त्यांना वाकून नमस्कार केला.

"आज काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग त्यो पाना ठेव जा जाग्यावर. तेल लाव त्याला, गंज चढंल."

मी तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिला. मग काळीचं बॉनेट टेकू लावून वर केलं, अंगठा तळव्यात घेतला आणि सहावा नट हातानेच आवळायला घेतला. तीन फेऱ्या.